कटऑफची तारीख आणि नळाचं पाणी

आरोग्यातल्या विषमतेचा विषय ठाण्यात निघाला की गाडी थेट हॉस्पिटलवर येते, बेड किती, डॉक्टर किती, आणि चर्चा तिथेच संपते. आता त्यात ‘सिस्टिम सायन्स’, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर आणि फिरून पहिलीवर कसा परिणाम होतो ते पाहणं, आणि ‘सगळ्या खात्यांचं मिळून धोरण’ हे शब्द आलेत, जणू कालच कुणाला सुचलेत.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला १८९८ मध्ये वेगळी संस्थाच काढली होती, फक्त हटवलेली बरीच माणसं शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहिली. १९७८ च्या अल्मा-आता इथल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात शेती, शिक्षण, घरं, सार्वजनिक बांधकाम ही खाती आरोग्याच्या कामात धरलेली होती. १९८० मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी अहवालात आलं की मोफत उपचार सुरू होऊन तीस वर्षं झाली तरी श्रीमंत-गरिबांच्या मृत्युदरातली दरी मिटली नाही, कारण तिची मुळं मुख्यतः दवाखान्याबाहेर आहेत. सरकारने त्याच्या २६० प्रती काढल्या, त्याही ऐन सुट्टीत. आपल्याकडे एवढी युक्तीही लागत नाही, अहवाल आपसूक गायब होतात.

पण आपल्या बाजूचा खरा गुंता एका तारखेत आहे, १ जानेवारी १९९५. झोपडीधारकांपैकी पुनर्वसनात घर कुणाला द्यायचं हे ठरवायला ही कटऑफ आली, त्याआधीची झोपडी असेल तर पात्र, म्हणजे काम गृहनिर्माणाचं. मग १९९६ मध्ये परिपत्रक निघालं की या तारखेनंतरच्या बेकायदा बांधकामांना नळाचं पाणी द्यायचं नाही. कारण काय तर पाणी दिलं की अतिक्रमण वाढतं. घराची पात्रता ठरवणारी तारीख तहानेची पात्रता ठरवायला लागली आणि आरोग्य खात्याला यात कुणी विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही.

पाणी बंद केलं म्हणून माणूस गावी परत जात नाही, कारण तो कामासाठी आलाय. तो ड्रमने पाणी विकत घेतो, किंवा मोठ्या पाइपला भोक पाडून कुणीतरी जोडणी देतं त्याला महिन्याचे पैसे देतो, ती नळी गटारातून जाते, प्रेशर नसलं की घाण आत ओढली जाते, पोरांना जुलाब होतात, आईचा खाडा पडतो, आणि घर सोडून अधिकृत जागी जायला जे पैसे साठायचे ते औषधात जातात. मग महापालिका चोरीची जोडणी तोडते आणि आठवड्यात दुसरी लागते. सिस्टिमवाले याला स्वतःला वाढवत नेणारं चक्र म्हणतात. नवी मुंबईतल्या दिघा किंवा तुर्भ्याच्या झोपडपट्टीतल्या बाईला विचारलं तर ती शब्द न वापरता हेच सांगेल.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. १९७० पासून आखून वसवलेलं शहर, नोडमध्ये, म्हणजे आखलेल्या उपनगरांत, सगळं व्यवस्थित, पुढे महापालिकेने स्वतःचं धरणही घेतलं, पण खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांची घरं त्या आखणीत पुरेशी नव्हतीच. ती औद्योगिक पट्ट्याच्या जमिनीवर उभी राहिली, म्हणजे जमीन एकाची, नाला दुसऱ्याचा, दवाखाना तिसऱ्याचा. ठाण्याचं उलट, स्वतःचं धरण नाही, पाणी चार ठिकाणांहून येतं, एका ठिकाणी शटडाउन घेतलं की आधी टोकाच्या वस्त्या कोरड्या.

कटऑफ पुढे सरकत राहिली, आधी २०००, मग पैसे भरून २०११. प्रत्येक वेळी निवडणुकीच्या तोंडावर बातमी, पाण्याचं मात्र तेच. दरम्यान डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, दर जास्त लावा, इमारतीसारखं घरोघरी देऊ नका, पण द्या. यावर आजही दोन मतं आहेत, कर भरणारा सोसायटीवाला चिडतो आणि त्याचं सगळंच चूक नाही, त्याच्याही टाकीत पाणी कमी असतं. तरी गढूळ पाण्याची साथ सोसायटीच्या गेटवर थांबत नाही हे त्याला कुणी सांगत नाही.

मुंबईत ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला मे २०२२ उजाडला. आणि जुलाबाचं पोर घेऊन दवाखान्यात गेलं तर मी पाहिलेल्या केसपेपरवर वय असतं, पत्ता असतो, तक्रार असते, घरात नळ आहे का हा रकाना अजून नाही.