सैनिकाची मोडलेली झोप

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, त्यामुळे नागपूरच्या आसपास माजी सैनिकांची घरं बरीच. अशाच एका घरी सुभेदारसाहेब झोपेत ओरडायला लागले की त्यांची बायको अंगाला हात लावत नाही. दाराशी उभी राहून हाक मारते, "अहो, घरीच आहात." एकदा खांदा हलवला होता, तर तिचंच मनगट मुरगळलं. शेजारणीच्या मते ही बाधा आहे.

डॉक्टरही फार पुढे नव्हते. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युद्धात खचलेल्या सैनिकांसाठी 'शेलशॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा तेव्हा अनेकांचा समज. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांची वेगळीच पंचाईत झाली. त्यांच्या मते स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, तर मग शिपाई रोज रात्री त्याच खंदकात का परततो? १९२० मध्ये त्यांनी हा अपवाद मान्य केला.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचाराच्या सूचीत 'पीटीएसडी', म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, आला. स्वप्नं मात्र लक्षणांच्या यादीतच राहिली; मूळ आजार हटला की तीही जातील, असं धरलेलं. माझ्या मते खरा वेळ इथे वाया गेला.

नव्वदच्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मरे रास्किंड यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांना प्राझोसिन देऊन पाहिलं. औषध जुनंच, रक्तदाबाचं. ते मेंदूत पोचून शरीराला दक्ष ठेवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा जोर अडवतं. सुरुवात झोपताना १ मिलिग्रॅमने, कारण पहिल्या गोळीनंतर एकदम उठलं तर भोवळ येऊ शकते. २००३ च्या अभ्यासात जेमतेम १० सैनिक होते, पण गुण आला. २०१८ मध्ये १३ केंद्रांतल्या ३०४ जणांवर चाचणी झाली आणि साखरेच्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. ज्यांची प्रकृती फार अस्थिर, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं, हा आक्षेप तेव्हापासून चालू आहे. काही डॉक्टर आजही ते देतात.

दुसरी वाट बिनगोळीची. स्वप्न कागदावर लिहायचं, हवं तिथे बदलायचं आणि नवं स्वप्न दिवसा रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचं. या पद्धतीवरचा डॉक्टर बॅरी क्राको यांचा २००१ चा गाजलेला अभ्यास लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरचा. सैनिकांकडे ही पद्धत नंतर वळली.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण लोकांच्या तोंडी अजून 'पागलखाना'च. तिकडे जायचं म्हटलं की सुभेदारसाहेब विषय बदलतात. बीपीची गोळी मात्र चारचौघांत घेतात.