बॅक-टू-बॅक घरे

बॅक-टू-बॅक घरे : इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कामगारांसाठी बांधली गेलेली, पाठीला पाठ लावून उभी असलेली लहान घरे. अशा घराच्या दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या अशा तिन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. दार आणि खिडक्या फक्त पुढच्या भिंतीला. मागचे दार नाही, परसू नाही, वारा आरपार जायला वाटही नाही. बर्मिंगहॅम, लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्ड आणि नॉटिंगहॅम या शहरांत ती मोठ्या प्रमाणावर होती. आज लीड्स आणि वेस्ट यॉर्कशरचा काही भाग सोडला तर ती जवळपास नाहीशी झाली आहेत.

ही घरे उभी राहण्यामागे साधा हिशोब होता. गिरण्या आणि कारखान्यांच्या चालत जाण्याच्या अंतरावर माणसे हवी होती आणि जमीन थोडी होती. एका घराच्या जागेत दोन घरे बसली की भाडेही दोन मिळते. तीन भिंती सामाईक असल्याने विटा वाचतात, आणि आत राहणाऱ्याचा कोळसाही थोडा वाचतो. नॉटिंगहॅममध्ये तर शहराभोवतीच्या सामाईक कुरणांवर बांधकाम करता येत नव्हते. 1845 मध्ये कायद्याने ती जमीन मोकळी होईपर्यंत शहर आतल्या आतच दाटत गेले. त्या सुमारास तिथल्या जवळपास 11,000 घरांपैकी 7,000 ते 8,000 घरे पाठीला पाठ लावलेली होती.

आतली रचना सांगायला फार वेळ लागत नाही. तळाला एक खोली, तिच्यावर एक, आणि बर्मिंगहॅममध्ये बहुधा त्याच्यावर आणखी एक. प्रत्येक खोली चार मीटरांच्या आतबाहेर चौरस. तळाच्या खोलीत शेगडी, जेवणाचे टेबल, आणि घरात मोरी असलीच तर तीही तिथेच. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, आजारपण, पाहुणे, सगळे त्याच खोलीत. वर जायचा जिना इतका अरुंद आणि वळणाचा की मोठे सामान खिडकीतून चढवावे लागे. दोन घरांमधली भिंत पुष्कळदा एका विटेच्या रुंदीची, म्हणजे साडेचार इंचांची असे. त्यामुळे शेजारच्या घरातला खोकला, भांडण आणि पलंगाची कुरकुर न सांगता कळत असे.

बर्मिंगहॅममध्ये निम्मी घरे रस्त्याकडे तोंड करून असत आणि उरलेली आतल्या चौकाकडे. या चौकाला ‘कोर्ट’ म्हणत. रस्त्यावरून बोळातून आत शिरले की फरसबंदी आवार, त्याच्या कडेने घरांची दारे, आणि मध्ये किंवा एका टोकाला सगळ्यांच्या मिळून असलेल्या सोयी : पाण्याचा पंप, पुढे नळ, दोन-चार संडास, राख व कचरा टाकायची जागा आणि धुण्याची खोली. कचऱ्याच्या जागेला तिथल्या बोलीत ‘मिस्किन’ म्हणत, आणि धुण्याच्या खोलीला ‘ब्रूस’. रस्त्याकडच्या घरांना भाडे थोडे जास्त पडे, पण पाण्यासाठी आणि संडासासाठी त्यांनाही बोळ ओलांडून चौकातच यावे लागे. मराठी वाचकाला इथे चाळ आठवेल, आणि सामाईक नळ व संडासांपुरते ते बरोबरही आहे. मात्र चाळीला निदान गॅलरी असते आणि गॅलरीत वारा असतो.

धुण्याचा दिवस हा या घरांतला आठवड्यातला सर्वांत कठीण दिवस. इंग्लंडभर तो सोमवार मानला जाई, पण कोर्टात सगळ्यांना एकच ब्रूस असल्याने प्रत्येक घराला वार वाटून दिलेला असे आणि त्यावरून भांडणेही होत. विटांच्या भट्टीत बसवलेला मोठा हंडा पहाटे पेटवायचा. पंपावरून बादल्या आणून तो भरायचा. कपडे उंच पिंपात घालून खाली स्टुलासारखे पाय आणि वर मूठ असलेले लाकडी दांडके वर-खाली आणि गोल फिरवत घुसळायचे, मग उकळायचे, खळबळायचे, शेवटच्या पाण्यात नीळ घालायची, आणि दोन लाकडी रुळांच्या यंत्रातून दांडा फिरवत पिळायचे. ओल्या चादरी रुळातून काढणे दोघींचे काम असे. मुलगी हाताशी आली की ती त्यासाठी शाळेतून घरी राहिल्याची उदाहरणे आठवणींत वारंवार येतात. पावसाचा दिवस असला की सगळे ओले कपडे त्या एकाच खोलीत शेगडीभोवती टांगलेले. मग जेवायला रविवारच्या उरलेल्या मांसाचे थंड काप, कारण चुलीकडे पाहायला कोणाला सवड नसे.

लीड्समध्ये चौक नव्हे, रस्ता महत्त्वाचा. 1866 च्या स्थानिक कायद्याने तिथे एका गटात आठांपेक्षा जास्त घरे बांधायला मनाई केली आणि दोन गटांमध्ये संडासांसाठी मोकळी जागा सोडायला लावली. त्यामुळे संडास म्हणजे दाराबाहेर पडून रस्त्याने चालत जाण्याचे ठिकाण झाले. किल्ली दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला बांधून दारामागे खिळ्याला अडकवलेली असे. आत वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन, आणि कडाक्याच्या थंडीत पाइप गोठू नये म्हणून मिणमिणता दिवा. रात्री कोणी तिकडे जात नसे. त्यासाठी खाटेखाली भांडे असे, आणि सकाळी ते झाकून नेणे हे बहुतेक घरांत थोरल्या मुलाच्या वाट्याला येई. परसू नसल्यामुळे वाळत घालायच्या दोऱ्या रस्त्यावरून समोरच्या घराला बांधल्या जात. धुण्याच्या दिवशी गल्लीभर चादरींचे पडदे लागत आणि कोळशाची गाडी आली की बायका काठ्यांनी दोऱ्या वर उचलून तिला वाट देत. कोळसा फुटपाथमधल्या जाळीच्या झाकणातून थेट तळघरात ओतला जाई. हे तळघरच कोठी, तेच शीतकपाट.

दाराची पायरी घासणे हा स्वतंत्र विधी होता. भंगारवाल्याला जुन्या चिंध्या दिल्या की तो पैशांऐवजी घासण्याचा दगड देई. तो दगड ओल्या पायरीवर घासून तिच्या कडेला पांढरी किंवा पिवळसर रेघ ओढायची, आणि दुपारपर्यंत गिरण्यांच्या काजळीने ती काळवंडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. लोखंडी शेगडीला काळे पॉलिश चोळून चकचकीत करणे शुक्रवारचे. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला पत्र्याचा टब खाली उतरे आणि शेगडीसमोर आंघोळी होत. पाणी तेच, मुले एकामागून एक. वडिलांचा रविवारचा सूट सोमवारी गहाणवटीच्या दुकानात जाई आणि शनिवारी पगार झाला की परत येई. सूट नक्की कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

घर हे कामाचे ठिकाणही होते. बर्मिंगहॅममध्ये धातूच्या बारीक वस्तूंचे शेकडो धंदे होते, आणि बायका-मुले रात्री टेबलाभोवती बसून हूक आणि बटणे पुठ्ठ्याच्या कार्डांवर शिवत. मजुरी कार्डांच्या गठ्ठ्यावर मिळे आणि दोरा-सुई बहुधा स्वतःची असे.

या घरांविषयीच्या आठवणी 1970 नंतर मोठ्या प्रमाणावर टेपवर घेतल्या गेल्या, पुस्तकांतून छापल्या गेल्या, शाळा आणि वाचनालयांनी जमवल्या. त्यांतले सूर बरेचसे एकसारखे आहेत : दारे उघडी असत, साखर मागायला कोणी लाजत नसे, बाळंतपणाला आणि प्रेताला आंघोळ घालायला गल्लीतली तीच एक बाई येई, राज्याभिषेकाला रस्त्यात टेबले मांडून मेजवानी होई. हे खोटे नाही. पण बोलणारे बहुतेक त्या काळी मुले होती. त्यांनी चौकात खेळायचे, आणि पाणी भरायचे ते त्यांच्या आईने. ज्या पिढीने रोज बादल्या वाहिल्या ती टेपरेकॉर्डर यायच्या आधीच बरीचशी गेली. शेजारधर्माची ऊब बरीचशी गरजेतून आली होती : एक नळ आणि चार संडास वाटून घेणाऱ्यांना एकमेकांशी जमवून घ्यावेच लागते. शिवाय ढेकूण, ओल आणि भिंतीवरची बुरशी यांविषयी लोक विचारल्याशिवाय बोलत नाहीत. 1930 च्या दशकात नव्या म्युनिसिपल घरात जाताना सामान आधी बंद गाडीत घालून धुरी देऊन निर्जंतुक केले जाई. त्या गाडीची गल्लीसमोर वाटलेली लाज मात्र अनेकांच्या लक्षात राहिली आहे.

आरोग्याची बाजू आकड्यांत जास्त स्पष्ट दिसते. 1832 च्या कॉलऱ्यात लीड्समध्ये सुमारे 700 माणसे दगावली. तिथले डॉक्टर रॉबर्ट बेकर यांनी रोगाचा नकाशा काढून दाखवले की तो गटारे आणि पाणी नसलेल्या दाट वस्त्यांतच पसरला होता. साथीच्या काळात एका आवारातून मैल्याच्या 75 गाड्या बाहेर काढल्या गेल्या. कामगारांच्या आरोग्यस्थितीवरील एडविन चॅडविक यांच्या 1842 च्या अहवालानुसार लीड्समधील सुखवस्तू वर्गाचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय 44 होते, आणि मजुरांचे 19. मजुरांची माणसे एकोणिसाव्या वर्षी मरत असा याचा अर्थ नव्हे. तान्ही मुले इतक्या संख्येने जात की सरासरी तिथवर खाली येई.

मँचेस्टरने 1844 मध्ये प्रत्येक नव्या घरामागे संडास सक्तीचा केला आणि त्यामुळे अशी घरे बांधणे आपोआप थांबले. बर्मिंगहॅमने 1876 मध्ये बंदी घातली. देशव्यापी बंदी 1909 च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्याने आली. लीड्सने मात्र पळवाट काढली : आधीच मंजूर झालेल्या आराखड्यांना कायदा लागू नव्हता, आणि त्या मंजुऱ्यांच्या जोरावर तिथे 1937 पर्यंत बॅक-टू-बॅक घरे बांधली जात होती. बांधणारे म्हणत की घरे उबदार आहेत, स्वस्त आहेत, लोकांना आवडतात. तिन्ही गोष्टींत तथ्य होते, म्हणूनच हा वाद इतका लांबला.

बंदी नव्या घरांवर होती, जुनी उभीच होती. 1918 मध्ये एकट्या बर्मिंगहॅममध्ये 43,000 हून अधिक बॅक-टू-बॅक घरे होती आणि त्यांत सुमारे 2 लाख लोक राहत होते. 1930 च्या कायद्याने पाडकामाला बळ मिळाले. लीड्समध्ये होल्बेकचे पाद्री चार्ल्स जेन्किन्सन यांनी नगरपालिकेच्या गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष म्हणून 30,000 घरे पाडण्याची योजना मांडली; तिच्यातून क्वारी हिलची प्रचंड गृहसंकुले उभी राहिली आणि 1938 पासून तिथे लोक राहायला आले. त्या सदनिकांत स्नानघरे होती, लिफ्ट होत्या, कचरा पाण्याने वाहून नेण्याची यंत्रणा होती. पोलादी सांगाडा गंजत गेल्याने 1978 मध्ये ती सारी पाडावी लागली. कित्येक बॅक-टू-बॅक घरे मात्र शहराच्या दुसऱ्या भागांत आजही उभी आहेत.

बर्मिंगहॅममध्ये युद्धानंतरच्या पुनर्विकासात कोर्टे झपाट्याने गेली. हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे कोर्ट 15 तेवढे वाचले, तेही रस्त्याकडच्या घरांत दुकाने चालू राहिल्यामुळे. 1802 ते 1831 च्या दरम्यान बांधलेली ही 11 घरे. माणसे राहणे 1966 मध्ये थांबले. दुरुस्तीनंतर 2004 पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसास्थळे जपणारी संस्था ते संग्रहालय म्हणून चालवते. घड्याळाचे काटे बनवणारे लेव्ही हे ज्यू कुटुंब, काचेचे डोळे तयार करणारे ओल्डफील्ड आणि कुलुपे बनवणारे मिचेल यांची घरे 1840, 1870 आणि 1930 च्या दशकांप्रमाणे लावलेली आहेत. चौथी जागा जॉर्ज सॉन्डर्स यांच्या शिलाईच्या दुकानाची. सॉन्डर्स 1958 मध्ये कॅरिबियनमधील सेंट किट्सहून आले होते आणि 2001 मध्ये निवृत्त झाले. त्यांची कापडे, नमुने आणि यंत्रे जशी होती तशीच तिथे आहेत, आणि संपूर्ण संग्रहालयात खरी वाटणारी खोली तीच आहे. बाकीच्या तीन फार नीटनेटक्या आहेत. कोर्टातली दोन घरे सुटीसाठी भाड्याने मिळतात, अर्थात आतल्या न्हाणीघरासकट.

लीड्समध्ये सुमारे 19,500 बॅक-टू-बॅक घरे अजून वापरात आहेत, मुख्यतः हेअरहिल्स, बीस्टन, होल्बेक, आर्मली आणि विद्यापीठाच्या आसपासच्या भागांत. संडास आत आले, माळ्यावर खिडकी काढून आणखी एक शयनगृह निघाले, तळघराचे स्वयंपाकघर झाले. पहिल्यांदा घर घेणारे, विद्यार्थी, आणि दक्षिण आशिया, पूर्व युरोप व आफ्रिकेतून आलेली कुटुंबे तिथे राहतात, कारण शहरात यापेक्षा स्वस्त घर मिळणे अवघड आहे. तिन्ही बाजूंना शेजारी असल्यामुळे वाढीव खोली काढायला जागा नाही आणि जुन्या दगड-विटांच्या भिंतींना आतून अस्तर लावले तर आधीच लहान खोली आणखी आखडते. कचऱ्याचे चाकांचे डबे ठेवायलाही मागे जागा नसल्याने ते पुढच्या दारापाशी फुटपाथवरच असतात, आणि पूर्वी गटांमध्ये सोडलेल्या संडासांच्या जागा काही गल्ल्यांत आता याच डब्यांसाठी वापरतात. दोऱ्या मात्र काही ठिकाणी अजून रस्त्यावरून जातात आणि धुणे वाळत असताना मोटारवाल्याला थांबावे लागते.