पेरणाऱ्याचा दाखला

पेरणाऱ्याचा दाखला म्हणजे येशूनं गालील समुद्रात होडीत बसून काठावरच्या गर्दीला सांगितलेली पेरणीची गोष्ट. बायबलच्या नव्या करारात मत्तय (अध्याय १३) आणि लूक (अध्याय ८) या पुस्तकांमधेपण ती आहे, पण मार्कच्या पुस्तकात (अध्याय ४) येशू शिष्यांना सरळच विचारतो, हाच दाखला कळला नाही तर बाकीचे कसे कळणार? म्हणून शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या आनंदाच्या बातमीचा, निरोप समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. दाखला म्हणजे इथं तहसीलमधला कागद नाही, उदाहरण देऊन सांगितलेली गोष्ट.

काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकाळ जागी, लगेच उगवतं पण मूळ नाही म्हणून उन्हानं करपतं. काही काट्यात गुदमरतं. चांगल्या जमिनीतलं तीसपट, साठपट, शंभरपट येतं. बी म्हणजे देवाचं वचन, आणि जमिनी म्हणजे ऐकणारी माणसं, हा अर्थ पुढं येशूच सांगतो.

मराठवाड्यात यातली खडकाळ जमीन कुणाला समजवावी लागत नाही. बालाघाटाच्या मुरमाड रानात पहिल्या पावसावर सोयाबीन कसं छान वर येतं आणि जुलैत पंधरा दिवस खंड पडला की काळ्या रानाच्या आधी तेच माना टाकतं, हे लहान पोरालाही माहिती. अडतं ते वाटेवरच्या बियाला. आपल्याकडं तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरून दाणा दाणा सोडायची रीत, आता ट्रॅक्टर आला तरी बियाणं मोजूनच, दुबार पेरणीची भीती डोक्यावर असतीच, मग रस्त्यावर बी टाकणारा हा कसला शेतकरी? तर तिकडं येशूच्या मुलखात बी हातानं फोकून पेरायचे, आणि जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्या मते नांगर नंतर फिरायचा, म्हणजे पायवाटपण नांगरली जाणारच होती. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला मात्र वाटतं, फोकून पेरणं समजलं की गोष्ट उघडते, कारण हा पेरणारा आधी जमीन बघून मग मूठ उघडत नाही, वाटेलाही देतो, काट्यालाही देतो.

अवघड ओळ आहे मार्क ४:१२ (अध्याय ४, ओळ १२), बाहेरच्यांना सगळं दाखल्यात सांगायचं, म्हणजे बघूनही त्यांना दिसू नये, अशी. ती जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून (अध्याय ६) आलीय आणि तिच्यावर जुना वाद आहे. घाईत वाचलं तर देव मुद्दाम लपवतो असं वाटतं, पण त्याच अध्यायात दिवा मापाखाली ठेवायला आणतात का हेही विचारलंय, दोन्ही सोबत वाचावं.

 

याच अध्यायात पुढं फक्त मार्कमधे असलेला एक छोटा दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, आणि हे कसं झालं ते त्याचं त्यालाच कळत नाही.