जादा प्रथिनांतला नायट्रोजन जातो कुठे?

जितकी प्रथिने जास्त तितके स्नायू जास्त, हा समज प्रथिनांच्या भुकटीच्या जाहिरातींनी पक्का केला आहे. वाढत्या वयाच्या, गाभण किंवा आजारातून उठलेल्या प्राण्याला वाढीव प्रथिनांचा उपयोग होतो, आणि व्यायामाचा ताण पडलेल्या स्नायूंनाही होतो. परंतु वाढ पूर्ण झालेल्या निरोगी प्राण्याच्या शरीरात चरबीसारखे प्रथिनांचे कोठार नसते.

प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे आहारातून आलेला आणि मलमूत्रावाटे गेलेला नायट्रोजन मोजला की शरीरात किती टिकला ते कळते. प्रौढ प्राण्यात ही वजाबाकी शून्याच्या आसपास राहते. आहारातील प्रथिने वाढवली तर काही दिवस थोडा नायट्रोजन टिकतो, नंतर उत्सर्जनही तेवढेच वाढते आणि जमाखर्च पुन्हा जुळतो. प्रथिने कमी केली की काही दिवस तूट येते आणि तीही थांबते.

हे काही दिवस का लागतात, याचे उत्तर यकृतात आहे. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले जाळताना सुटणारा अमोनिया विषारी असल्याने यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. क्रेब्ज आणि हेन्सलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलेल्या या रूपांतराच्या चक्रात, म्हणजे युरिया चक्रात, युरियाच्या रेणूतील एक नायट्रोजन अमोनियातून आणि दुसरा ॲस्पार्टेट या अमिनो आम्लातून येतो. रॉबर्ट शिम्की यांनी १९६२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या चक्रातील क्रिया घडवणाऱ्या पाचही विकरांचे (एन्झाइमांचे) यकृतातील प्रमाण रोजच्या प्रथिनांच्या मात्रेनुसार वाढते किंवा घटते. विकर हीसुद्धा प्रथिनेच असल्याने ती घडायला आणि मोडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत नायट्रोजनची आवक-जावक जुळत नाही. मांजराला ही जुळवणी फारशी साधत नाही. प्रथिने कमी मिळाली तरी त्याच्या यकृतातील विकरांचा वेग पुरेसा उतरत नाही, म्हणून त्याची प्रथिनांची गरज मुळातच मोठी असते.

जमाखर्च जुळला याचा अर्थ आत सारे स्थिर आहे असा मात्र नव्हे. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची (अधिक वजनाच्या अणूची) खूण असलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रौढ उंदरांना दिले, तेव्हा खुणेचा निम्म्याहून अधिक नायट्रोजन ऊतींच्या प्रथिनांत सापडला, जरी उंदरांचे वजन बदलले नव्हते. जुनी प्रथिने मोडत होती आणि त्यांच्या जागी नवी बसत होती.

भरपूर प्रथिने देऊन केलेल्या मोजणीत कधीकधी दीर्घकाळ नायट्रोजन टिकल्याचे दिसते. ते आकडे जपूनच वाचावेत, कारण सांडलेले अन्न खाल्लेले धरले जाते, आणि केस, त्वचा व मूत्रातून उडालेला अमोनिया हिशेबातून निसटतो. या चुका एकाच दिशेने साचतात. १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम चरबीविरहित ऊती. रोज एवढा नायट्रोजन खरोखर टिकत असता, तर वर्षभरात वजनात जवळपास ११ किलोंची भर पडली असती, आणि ती कोणत्याही काट्यावर दिसली असती.