सहापदरी रस्ता आणि एकाच लेनमधले ट्रक

माझ्या भाच्याने लॅपटॉपवर सांगली वसवायला घेतली आहे. 'सिटीज: स्कायलाइन्स' हा फिनलंडच्या कंपनीने 2015 साली आणलेला गेम. त्यात कृष्णेसारखी वळणं घेणारी नदी, काठावर पेठ आणि पूर्वेला कुपवाड एमआयडीसीची नक्कल. पहिल्या दिवशी नकाशा बघून मला हसूच आलं. घरांना हिरवा रंग, कारखान्यांना पिवळा! आपल्या विकास आराखड्यात पिवळं म्हणजे निवासी, जांभळं म्हणजे औद्योगिक, हिरव्यात शेती. जमीन यलो झोनमध्ये आली की आपल्याकडे लोक पेढे वाटतात. गेममध्ये तिथे धुराडं उभं राहील.

या सगळ्या खेळांचा आजोबा म्हणजे 1989 सालचा 'सिमसिटी'. त्याचा निर्माता विल राइट त्याआधी हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकण्याचा एक गेम करत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा त्यासाठीची बेटं आणि रस्ते रचण्यातच त्याला जास्त मजा यायला लागली. मग त्याने 'जे फॉरेस्टर' या अमेरिकी प्राध्यापकाचं शहरांच्या गणिती प्रारूपावरचं काम वाचलं. घरं, दुकानं, कारखाने एकमेकांची मागणी वाढवतात किंवा मारतात, हे सूत्र तिथलं. म्हणून गेममध्ये रंग म्हणजे नुसती परवानगी. कामगारच नसतील, तर कारखान्याचा पट्टा रंगवूनही रिकामाच.

भाच्याच्या गेममध्ये हा रंग रस्त्याच्या कडेलाच लागतो, चार चौकटी आतपर्यंत. एक चौकट 8 मीटरची, म्हणजे 32 मीटर. दोन समांतर रस्त्यांत त्याच्या दुपटीहून जास्त अंतर ठेवलं की मधला पट्टा ओसाड पडतो. आधी रस्ता, मग वस्ती. गुंठेवारीत आपण नेमकं उलटं करतो: घरं आधी, रस्ता नंतर कोर्टात.

तरीही त्याचं घोडं अडलंच. एमआयडीसीतून पेठेत येणारा रस्ता एकच, त्यावर ट्रकची ही रांग! त्याने रस्ता सहापदरी केला. रांग होती तिथेच, आणि तीही एकाच लेनमध्ये; बाकीच्या लेन मोकळ्या. पुढच्या चौकात सगळ्यांना डावीकडेच वळायचं, त्यामुळे सगळे आधीपासूनच डाव्या लेनला चिकटलेले. इथली गाडी निघतानाच वाट ठरवते. पुढे कोंडी झाली म्हणून बेत बदलत नाही. (आपला दुचाकीवाला पेट्रोल पंपातून आडवा निघाला असता.)

खऱ्या रस्त्यावरही मेख चौकातच असते. सिग्नल हिरवा झाला की एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे तासाला 1800. पण सिग्नल निम्मा वेळ लाल, म्हणून हातात उरतात 900. दोन चौकांमधला रस्ता कितीही रुंद करा, चौकाच्या तोंडाशी लेन वाढल्या नाहीत तर हा आकडा हलत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. त्या एकाच हमरस्त्याला त्याने अकरा गल्ल्या थेट जोडल्या होत्या. प्रत्येक तोंडाशी कुणीतरी वळतो, मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी जोरात दाबतो, आणि ही थांबण्याची लाट मागे मागे सरकत जाते. ताकारी-म्हैसाळच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मुख्य कालवा, त्यातून वितरिका, मग शेतचारी, मग सरी. कालव्यालाच जागोजागी तोंडं फोडली की टेलला पाणी पोचत नाही. रस्त्यांनाही अशीच उतरंड लागते: गल्लीने मधल्या रस्त्याला मिळायचं, मधल्याने हमरस्त्याला, तेही मोजक्याच ठिकाणी.

परवा भाच्याने आठ गल्ल्यांची तोंडं बुजवली आणि त्या मागच्या बाजूने एका रस्त्याला जोडल्या. ट्रक आता सुरळीत धावतात. कचऱ्याच्या गाडीला मात्र वळसा पडतो, आणि दोन गल्ल्यांतल्या घरांवर कचरा साठल्याची खूण दिसायला लागली आहे.