एम. ए. मास कम्युनिकेशनचा प्रवेश : पदवी असते, दाखला नसतो

केगाव येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात एम. ए. मास कम्युनिकेशन हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा आहे. त्यासाठी कोणत्याही विद्याशाखेची पदवी चालते. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचे पदवीधर ‘आम्ही पत्रकारिता शिकलेलो नाही’ असे म्हणून अर्जच करत नाहीत, हा गैरसमज आहे. ऑनलाइन नोंदणी, छायाचित्र व सही अपलोड करणे आणि शुल्क भरणे ही कामे तासाभरात होतात. प्रवेश अडतो तो कागदांवर, आणि बहुतेक वेळा अशा कागदांवर, जे सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर काढायला घेतले तर मुदतीत हातात पडतच नाहीत.

सर्वात जास्त फसगत होते ती स्थलांतर प्रमाणपत्रात, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाताना आधीच्या विद्यापीठाकडून घ्यायच्या कागदात. सोलापूर विद्यापीठाची स्थापना 1 ऑगस्ट 2004 रोजी झाली. त्यापूर्वी या जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. वीस-पंचवीस वर्षे वार्ताहर म्हणून काम केलेले आणि आता पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणारे अनेक जण सोलापुरातच शिकलेले असल्यामुळे स्वतःला ‘याच विद्यापीठाचे विद्यार्थी’ समजतात. एका गृहस्थांची 2001 ची गुणपत्रिका मी पाहिली आहे. महाविद्यालय सोलापूरचे, घर सोलापुरात, पण वर ठळक अक्षरांत शिवाजी विद्यापीठाचे नाव. त्यांना स्थलांतर प्रमाणपत्र कोल्हापूरहूनच आणावे लागले. इंडी, विजयपूर किंवा कलबुर्गीकडे पदवी घेतलेल्या अक्कलकोट-मंगळवेढा भागातील मुलांनाही तेथील विद्यापीठाचे प्रमाणपत्र लागते. महाविद्यालय सोडल्याचा दाखला हा त्याला पर्याय नव्हे. हे दोन स्वतंत्र कागद आहेत. पदवीनंतर मध्ये वर्षे गेली असतील, तर त्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता असे लिहून देणारे खंडपत्रही तयार ठेवावे.

दुसरी अडचण नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे सांगणाऱ्या दाखल्याची. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील अर्जदारांना तो दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. विद्यार्थी दाखल्यावरची निर्गमनाची तारीख पाहतात आणि तेथून वर्ष मोजतात. दाखला 31 मार्चपर्यंतच वैध असतो, आणि तो कोणत्या वर्षीचा 31 मार्च हे खालच्या ओळीत छापलेले असते. प्रवेश उन्हाळ्यानंतर होतात, त्यामुळे मागील हंगामात चाललेला दाखला या हंगामात निरुपयोगी ठरलेला असू शकतो आणि अर्जदाराला ते पडताळणीच्या टेबलावर कळते. उत्पन्नाच्या मर्यादेबाबतही गैरसमज आहे. मर्यादा आठ लाखांची असली तरी तिच्यात आईवडिलांचा पगार व शेतीचे उत्पन्न मोजले जात नाही. वरिष्ठ पदांवरील अधिकाऱ्यांसाठी निकष पदावरून ठरतो, तो भाग वेगळा. पण कारकून किंवा प्राथमिक शिक्षक असलेल्या वडिलांचा पगार पाहून घरीच स्वतःला अपात्र ठरवू नये. विवाहित अर्जदार महिलेचा दाखलाही आईवडिलांच्या उत्पन्नावरून ठरतो, पतीच्या नव्हे. खिडकीवर पतीच्या उत्पन्नाचे कागद मागितले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अशा वेळी ‘नियम दाखवा’ असे नम्रपणे, पण ठामपणे म्हणावे. कर्नाटकातून विवाह करून आलेल्या महिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तेथील जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. म्हणजे आधी तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलचा उत्पन्न दाखला आणि त्यानंतर प्रांत कार्यालयाचा नॉन-क्रिमिलेअर. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार उत्पन्न दाखल्याला 15 दिवस आणि नॉन-क्रिमिलेअरला 21 दिवसांची मुदत ठरलेली आहे. दोन्ही मुदती पाळल्या गेल्या, तरी सव्वा महिना गेला, आणि ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य कोणत्याही मुदतीत मोजले जात नाही. म्हणून निकालाची वाट न पाहता अंतिम सत्राची परीक्षा संपताच सेतूत अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. पोच नसेल तर विलंबाबाबत अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

नावातील फरक हे सोलापूरचे खास दुखणे आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांच्या शहरात एकाच माणसाचे नाव चार प्रकारांनी लिहिले जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘मल्लिनाथ’, आधारवर ‘मल्लीनाथप्पा’, बँकेत ‘मल्लय्या’ असा प्रकार नित्याचा आहे. विद्यार्थ्याचे शैक्षणिक श्रेयांक जिथे जमा होतात त्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची ओळख, म्हणजे एबीसी आयडी, आधारवरील नावाशी जोडली जाते. गुणपत्रिकेतले नाव वेगळे असेल तर नोंदणी जुळत नाही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. आधार केंद्रातील दुरुस्तीला वेळ लागतो, हेही गृहीत धरावे. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा.

शेवटच्या तारखेविषयी एक सूचना. जाहीर केलेली तारीख अर्ज ‘पूर्ण’ होण्याची असते, नोंदणीची नव्हे. अर्ज सेव्ह केला, शुल्काचे पैसे खात्यातून वजाही झाले, पण पावती तयार झाली नाही, तर यंत्रणेच्या दृष्टीने अर्ज अपुराच राहतो. शेवटच्या दिवशी रात्री शुल्क भरणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते. व्यवहार क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पावतीची छापील प्रत हातात आल्याशिवाय अर्ज भरला असे समजू नये.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर स्वतंत्रपणे भरावा लागतो. प्रवेश झाला म्हणून तो आपोआप भरला जात नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. रक्कम आधारशी संलग्न खात्यातच जमा होते. पासबुकात आधार क्रमांकाची नोंद असणे आणि खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी जोडलेले असणे यांत फरक आहे, आणि तो बँकेत विचारल्याखेरीज समजत नाही.