पहिले दीड मिलिमीटर

नावाजलेल्या जुन्या पिस्तुलाची नवी आवृत्ती येणार अशी कुणकुण लागली की चर्चा होते ती मुठीची, गोळ्यांच्या संख्येची आणि किमतीची. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचेही तेच झाले. 1935 सालचे हे पिस्तूल बनवणे कंपनीने थांबवल्यावर चाहते वाट बघत राहिले. जानेवारी 2022मध्ये नवे आले, 13 ऐवजी 17 गोळ्यांचे. मला मात्र एकच काळजी होती: नळीखालचा तिरका गाळा, म्हणजे नळीला झुकवणारी खाच, राहील ना?

चाप ओढला की काडतुसात वातावरणाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. तेव्हाच मागचे दार उघडले तर पितळी पुंगळी फाटेल. म्हणून नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खाचांत अडकवलेले असतात. गोळी पुढे जाते, तशी नळी आणि स्लाइड दोन्ही मिळून मागे येतात. किती? शाळेतला संवेगाचा नियम लावा. गोळी 8 ग्रॅमची, ही जोडी अर्ध्या किलोची धरू. म्हणजे साठ पटींनी जड. गोळी नळीत 10 सेंटिमीटर धावते तोवर जोडी जेमतेम दीड मिलिमीटर सरकते.

तेवढ्या अंतरात कुलूप निघता कामा नये. गोळी बाहेर पडून दाब ओसरला की तिरका गाळा सांगाड्यातल्या आडव्या दांड्यावर घसरतो, नळीचे मागचे टोक खाली झुकते, कंगोरे सुटतात. नळी थांबते, स्लाइड एकटीच मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते. हाय-पॉवरचे मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या आधीच्या 1911 पिस्तुलात नळी खाली ओढायला हलती कडी होती. इथे तिची गरजच उरली नाही! ब्राउनिंग 1926 साली गेले. पिस्तूल पूर्ण केले द्येदोने सैव्ह यांनी. आपल्या इशापूरच्या कारखान्यातले 9 मिमी पिस्तूल याच घराण्यातले.

याच गणिताने सिनेमातली एक थापही उघडी पडते. गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडू शकत नाही. सेकंदाला 350 मीटर वेगाच्या या गोळीचा संवेग, ताशी 126 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या निम्माच असतो.

नव्या हाय-पॉवरमध्येही नळी झुकतेच. काढून टाकली ती मॅगझीन (गोळ्यांची पेटी) नसताना चाप निकामी करणारी जुनी अडसर-पट्टी. तिच्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागायचा.